चौघांनी सांगितलेली गोष्ट

एकाच प्रसंगाच्या चार हकिकती चौघांनी लिहून ठेवल्या आणि त्या चारही आपल्या हाती आल्या, तर वाचणाऱ्याने हर्षित व्हावे की हवालदिल? बखरी चाळण्याची खोड ज्याला जडली आहे त्याला याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. प्रथम हर्ष होतो आणि मग हळूहळू कपाळाला हात जातो. दोन बखरकार एकाच लढाईवर लिहू लागले की सैन्याचा आकडा जुळत नाही, तिथी जुळत नाही, कोण कुठल्या अंगाने चालून आला तेही जुळत नाही. आपल्या बखरींचे मात्र एक बरे आहे. त्या आपसांत भांडल्या म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही. ज्या चार हकिकतींविषयी मला आज लिहावयाचे आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांतले अक्षर न् अक्षर पवित्र मानणारी माणसे गेली अठराशे वर्षे जगात आहेत. आणि त्या चौघांचे जागोजाग एकमेकांशी पटत नाही, ही गोष्टही त्या माणसांना जवळजवळ तितकीच वर्षे ठाऊक आहे.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान हे ते चौघे. त्यांनी लिहिलेली येशू ख्रिस्ताची चरित्रे म्हणजे चार शुभवर्तमाने. मी ख्रिस्ती नाही. इतिहास वाचण्याची आवड, एवढाच माझा अधिकार. परंतु मराठी ‘नवा करार’ घेऊन, चार ठिकाणी खुणेचे चार कागद घालून, एकच प्रसंग चौघांकडून आळीपाळीने ऐकण्यात मी पुष्कळ संध्याकाळी घालविल्या आहेत. वाचकांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी हा उद्योग एकदा अवश्य करून पाहावा.

उदाहरणार्थ, ती रविवारची पहाट घ्या. येशूला शुक्रवारी क्रुसावर मारले, घाईघाईने कबरीत ठेवले, आणि रविवारी पहाटे स्त्रिया तेथे गेल्या. किती स्त्रिया? मार्क तीन नावे देतो, मत्तय दोन मरीयांची देतो. लूक तीन नावे सांगून आणखीही काही होत्या म्हणतो. योहानाची कथा एकट्या मग्दालीया मरीयेची आहे. त्यांना तेथे कोण भेटले? मार्कात शुभ्र झगा ल्यालेला एक तरुण आत बसलेला आहे. मत्तयात भूकंप होतो, देवदूत उतरतो, धोंड लोटतो आणि तिच्यावरच बसतो. लूकात झगझगीत वस्त्रांतले दोन पुरुष आहेत. योहानातही दोन देवदूत आहेत, पण ते मरीयेला दुसऱ्या खेपेस दिसतात. पुढे, मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे शिष्यांची नि येशूची भेट गालीलातल्या डोंगरावर होते. लूकाच्या कथेत सारे यरुशलेमात नि त्याच्या आसपास घडते, आणि शिष्यांना शहर सोडू नका अशी उलट ताकीद आहे. गालील म्हणजे काही पलीकडची आळी नव्हे. पायी चार दिवसांची वाट आहे.

पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारले, तेव्हा कोंबडा मार्कात दोनदा आरवतो, बाकी तिघांत एकदा. यरीहोच्या वाटेवर मार्कात एक आंधळा बरा होतो, मत्तयात दोन; आणि लूकाच्या मते हे गावात शिरताना घडते, मार्काच्या मते गाव सोडताना. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून कुणी डोके फोडून घेऊ नये. कोंबड्यांची मोजदाद ठेवून कुठलाच धर्म उभा राहत नाही आणि पडतही नाही. पण काही गोष्टी इतक्या हलक्या नाहीत. येशूचा आजोबा कोण? त्याने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले ते आपल्या कार्याच्या आरंभी, की शेवटच्या आठवड्यात? आणि तो मेला तो नेमका कुठल्या दिवशी?

हे प्रश्न आजच्या चिकित्सकांनी उकरून काढले असे कुणास वाटेल, तर तसे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, इ. स. 178 च्या सुमारास, केल्सस नावाच्या एका ग्रीक पंडिताने ख्रिस्ती लोकांवर ग्रंथ लिहून टीका केली होती. त्याचा एक आरोप असा, की हे लोक आपले शुभवर्तमान तीनतीनदा, चारचारदा बदलून लिहितात, आणि अडचण आली की बदललेल्या पाठाच्या आड दडतात. असल्या टीकेला उत्तर काय द्यावयाचे? एका बुद्धिमान माणसाला सर्वांत सरळ उपाय त्याच सुमारास सुचला होता. चारांचे एक करून टाकावयाचे.

त्याचे नाव तातियान. हा मूळचा पूर्वेकडचा. स्वतःला तो असिरियाच्या भूमीत जन्मलेला म्हणवितो. रोमला येऊन जस्टिन या विद्वानाचा शिष्य झाला, आणि जस्टिनला देहदंड झाल्यानंतर काही वर्षांनी, रोमच्या मंडळीशी बिनसल्यामुळे, आपल्या मुलखाकडे परतला. इ. स. 170 च्या आसपास त्याने चारही शुभवर्तमाने उसवून त्यांच्या धाग्यांचे एक सलग वस्त्र विणले. त्या ग्रंथाचे ग्रीक नाव ‘दियातेसारोन’, म्हणजे ‘चारांमधून’. ग्रीक संगीतात हाच शब्द चौथ्या स्वरापर्यंतच्या अंतराला, आपण ज्याला षड्ज-मध्यम संवाद म्हणू त्याला, लावीत असत. तातियानाच्या मनात हा श्लेष होता की नाही कोण जाणे, पण नाव मोठे समर्पक आहे.

त्याची विणकर कशी होती याचा एक नमुना जगाला 1933 साली मिळाला असे पुष्कळांचे मत आहे. युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे रोमनांचे एक ठाणे होते. इ. स. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी फौजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा तटाला आतून बळकटी यावी म्हणून रोमनांनी त्याला लागून असलेली घरे नि मंदिरे माती घालून बुजविली. ठाणे पडलेच, पण त्या भरावाने आपल्या पोटात बरेच काही राखून ठेवले. येल विद्यापीठाच्या नि फ्रेंच विद्वानांच्या उत्खननात तेथे चर्मपत्राचा एक तळहाताएवढा तुकडा निघाला. त्यावर ग्रीकमध्ये चौदा-पंधरा ओळी. प्रसंग आहे येशूचा देह मागून नेणाऱ्या योसेफाचा. आता पाहा: हा योसेफ अरिमथाईचा, असे चौघेही सांगतात. ते यहूदियातले नगर, हा तपशील लूकाचा. तो सज्जन नि नीतिमान होता, हेही लूकाचेच. तो शिष्य होता पण भयापोटी लपून राहिला होता, हे योहानाचे. त्या वेळी संध्याकाळ झाली होती, हे मत्तय नि मार्क यांचे. हे सारे एकाच वाक्यात, एकही टाका वर दिसू न देता, जोडलेले! हा तुकडा तातियानाच्याच ग्रंथाचा की दुसऱ्या कुणाच्या, याविषयी अलीकडे काही विद्वानांनी शंका घेतली आहे. पण कारागिरी त्याच जातीची आहे यात वाद नाही.

आणि जे जोडता येण्याजोगे नव्हते त्याचे तातियानाने काय केले? दोन्ही वंशावळी त्याने सरळ गाळून टाकल्या.

या वंशावळींचा घोटाळा असा. मत्तय अब्राहामापासून खाली येतो, दाविद राजाचा मुलगा शलमोन याच्या शाखेने उतरतो, आणि मरीयेचा पती योसेफ याच्या बापाचे नाव याकोब सांगतो. लूक येशूपासून वर चढतो, दाविदाच्या नाथान या दुसऱ्याच मुलाच्या शाखेला जातो, आणि योसेफाचा बाप एली म्हणतो. नावेच नव्हेत तर पिढ्यांची संख्याही जुळत नाही. एका माणसाला दोन बाप कसे? तातियानानंतर साठएक वर्षांच्या आत ज्युलियस आफ्रिकानस या गृहस्थाने याचे उत्तर दिले. हा मोठा व्यासंगी पुरुष. रोमच्या बादशहाचे ग्रंथालय याने लावून दिले होते. त्याचे म्हणणे असे: मत्थान नावाच्या पुरुषाला एस्था या स्त्रीपासून याकोब झाला. मत्थान वारल्यावर एस्थेने दुसऱ्या शाखेतल्या मल्खीशी लग्न केले व तिला एली झाला. म्हणजे याकोब नि एली हे एका आईचे, निराळ्या बापांचे भाऊ. एली निपुत्रिक वारला. तेव्हा यहूद्यांच्या शास्त्राप्रमाणे याकोबाने भावाच्या विधवेपासून त्याच्या नावाने पुत्र उत्पन्न केला, तो योसेफ. रक्ताने याकोबाचा, शास्त्राने एलीचा.

हे वाचून मराठी वाचकाला तरी नवल वाटू नये. सत्यवतीच्या पोटी लग्नाआधी व्यास झाला, लग्नानंतर विचित्रवीर्य झाला. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, आणि त्याच्या क्षेत्री व्यासाने धृतराष्ट्र नि पंडू यांना जन्म दिला. धृतराष्ट्राची वंशावळ कुणी व्यासाकडून पराशरापर्यंत नेली आणि कुणी विचित्रवीर्याकडून शंतनूपर्यंत नेली, तर दोघांतला खोटा कोण? आफ्रिकानसाच्या युक्तीवर युरोपातल्या पंडितांनी पुष्कळ नाके मुरडली आहेत. महाभारत वाचलेल्या माणसाला ती इतकी हास्यास्पद वाटणार नाही. तीत एक बारीकशी फट मात्र आहे: लूकाच्या आज मिळणाऱ्या पाठात एलीचा बाप मल्खी नसून मत्ताथ आहे, आणि मल्खी दोन पिढ्या वर जाऊन बसला आहे.

पण मला या आफ्रिकानसाविषयी आदर वाटतो तो त्याच्या युक्तीमुळे नव्हे. त्याच्या आधी काही भाविकांनी याहून सोपी तोड काढली होती: एका वंशावळीने येशूचे राजेपण दाखवावयाचे, दुसरीने त्याचे पुरोहितपण, नावे खरी असलीच पाहिजेत असे नाही. यावर आफ्रिकानस चिडतो. ख्रिस्ताचा महिमा वाढविण्यासाठी असत्याचा टेकू कशाला हवा, असा त्याचा सवाल आहे. आणि स्वतःचा खुलासा देऊन झाल्यावर तो प्रांजळपणे सांगतो, की याला साक्षीपुरावा नाही, याहून बरे नि खरे दुसरे काही आपल्याला सापडले नाही इतकेच.

तिसऱ्या शतकातच ओरिजेन या अलेक्झांड्रियाच्या महापंडिताने तर आणखी धीट भूमिका घेतली. योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य करताना तो लिहितो, की चौघांच्या हकिकती कुणी बारकाईने ताडून पाहू लागला तर त्याचे डोके गरगरू लागेल. मग एक तर शुभवर्तमाने खरी मानण्याचे सोडावे, नाही तर त्यांचे खरेपण बाह्य तपशिलात नाही हे पत्करावे. कित्येकदा या लेखकांनी आतले सत्य राखण्यासाठी बाहेरचा तपशील हलविला आहे, असे तो उघड म्हणतो. एका श्रद्धावंताने लिहिलेले हे वाक्य सोळाशे वर्षांनंतर जर्मनीत कुणी लिहिले असते तर त्याची नोकरी गेली असती!

ओरिजेनाने आपली अखेरची वर्षे पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात घालविली. त्याच कैसरियात, चौथ्या शतकाच्या आरंभी, युसेबियस या बिशपाने मला सर्वांत आवडणारा उपाय काढला. त्याने चारांचे एक केले नाही आणि कुणाचा एक शब्दही हलविला नाही. त्याने नुसते आकडे घातले. मत्तयाचे 355 भाग पाडले, मार्काचे 233, लूकाचे 342, योहानाचे 232. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक समासात लिहिला, आणि ग्रंथाच्या आरंभी दहा कोष्टके दिली. कुठला भाग चौघांत आहे, कुठला तिघांत, कुठला दोघांत, कुठला एकट्याचाच, हे कोष्टकात बोट ठेवताच सापडावे. पुढे हजार वर्षे ही कोष्टके कमानी नि खांब काढून, सोन्यारुप्याने मढवून, हस्तलिखितांच्या पहिल्या पानांवर मिरवत राहिली. मतभेद मिटविण्यापेक्षा ते कुठे आहेत याची चोख नोंद करणे, हे कारकुनी काम खरे. पण असल्या कारकुनीला मी नमस्कार करतो.

या नोंदीची गरज किती होती ते जेरोमच्या तक्रारीवरून कळते. इ. स. 383 च्या सुमारास लॅटिन शुभवर्तमाने सुधारावयास बसला असता त्याला आढळले, की एका लेखकाने जे थोडके सांगितले ते नकलनविसांना अपुरे वाटे, आणि ते दुसऱ्याच्या पुस्तकातून भर घालीत. लूकातली येशूने शिकविलेली प्रार्थना मुळात मत्तयाहून आखूड आहे. पुष्कळ हस्तलिखितांत ती मत्तयाइतकी लांबलेली दिसते. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. रोज ओठांवर असलेले शब्द हात आपोआप लिहून जातो. कुणा थोर पंडिताने नव्हे तर हजारो निनावी नकलनविसांनी चालविलेला हा एकीकरणाचा उद्योग तातियानाच्या उद्योगाहून अधिक धोक्याचा होता, कारण तो दिसत नव्हता.

आता ऑगस्टिन. इ. स. 400 च्या सुमारास या आफ्रिकेतल्या बिशपाने शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर चार भागांचा एक ग्रंथच लिहिला. पुढल्या हजार वर्षांत या विषयावर ज्याने लेखणी उचलली त्याने ऑगस्टिनाकडून उसने घेतले. त्याच्या काही कोट्या आज वाचवत नाहीत. मार्क म्हणतो, येशूला तिसऱ्या तासाला क्रुसावर चढविले. सूर्योदयापासून मोजले तर सकाळी नऊ वाजता. योहान म्हणतो, सहाव्या तासाच्या सुमारास, म्हणजे दुपारी बारा वाजता, पिलात अजून न्यायासनावरच बसला होता. ऑगस्टिनाची तोड अशी, की तिसऱ्या तासाला लोकांनी त्याला मारण्याचा ओरडा केला, म्हणजे जिभांनी क्रुसावर चढविले. सहाव्या तासाला शिपायांनी हातांनी चढविले. हे वकिली उत्तर आहे, आणि जिभेचा हा आरोप यहूदी समाजावर ठेवलेला असल्यामुळे पुढच्या शतकांत असल्या वाक्यांनी जे विष पेरले त्याची आठवण होऊन मला ते अधिकच खुपते.

परंतु त्याच ग्रंथात, काही पाने आधीच, दुसरा ऑगस्टिन भेटतो. यहूदाला मिळालेल्या तीस रौप्यमुद्रांविषयी सांगताना मत्तय एक भविष्यवचन यिर्मया संदेष्ट्याच्या नावावर देतो; ते बहुतांशी सापडते जखऱ्याच्या ग्रंथात. ही चूक सरळसरळ दिसते. ऑगस्टिनाच्या काळी काही प्रतींत यिर्मयाचे नाव नव्हते, नुसते ‘संदेष्टा’ असे होते. त्या प्रतींचा आधार घेतला की अडचण संपली! ऑगस्टिन हे स्वतःच सांगतो, आणि स्वतःच ही वाट नाकारतो. त्याचे कारण ऐका. पुष्कळ प्रतींत आणि जुन्या ग्रीक प्रतींत यिर्मयाचे नाव आहे. आणि मुळात ते नसते तर अडचण निर्माण करण्यासाठी ते कुणी मागाहून घातले असते काय? अडचण टाळण्यासाठी ते गाळले असेल हे मात्र सहज संभवते. आजचा पाठचिकित्सक ज्या नियमाने चालतो, की दोन पाठांत जो अवघड तो बहुधा जुना, तो नियम हा बिशप आपल्याच पक्षाच्या गैरसोयीसाठी वापरतो आहे. पुढे तो, लिहिणाऱ्याच्या मनात एकाऐवजी दुसरे नाव आले आणि पवित्र आत्म्याने ते तसेच राहू दिले, असा खुलासा करतो. तो खुलासा कुणाला पटो न पटो; पुस्तकातला शब्द त्याने पुसला नाही.

इकडे तातियानाच्या ग्रंथाचे काय झाले? सिरियाक भाषा बोलणाऱ्या मुलखात तो इतका रुजला, की तेथील मंडळ्यांना शुभवर्तमान म्हणजे हाच ग्रंथ ठाऊक होता. दोन-अडीचशे वर्षे तो उपासनेत वाचला गेला. इफ्राईम या सिरियाकच्या सर्वश्रेष्ठ कवीने, जो 373 मध्ये वारला, भाष्य लिहिले तेही त्याच्यावरच. आणि मग वरून हुकूम आले. एदेसाचा बिशप रब्बुला याने पाचव्या शतकाच्या आरंभी फर्मान काढले, की प्रत्येक देवळात ‘विलग केलेल्यां’चे शुभवर्तमान, म्हणजे चार वेगवेगळी पुस्तके, ठेवून तीच वाचावीत. अँटिओकच्या ईशान्येला सीरस येथे थिओदोरेत नावाचा बिशप होता. त्याच्या अखत्यारीत आठशे देवळे होती. तो स्वतः लिहितो, की तातियानाच्या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक प्रती देवळांतून मानाने ठेवलेल्या मला आढळल्या. त्या सर्व मी गोळा करून दूर केल्या आणि त्यांच्या जागी चौघांची शुभवर्तमाने आणविली. तातियान उतारवयात पाखंडी ठरला होता, हा थिओदोरेताचा मुख्य राग. पण तोच कबूल करतो, की ही प्रत वापरणारे पुष्कळ जण सरळमार्गी श्रद्धाळू होते; आटोपशीर पुस्तक म्हणून ते भोळेपणाने वापरीत होते.

मला राहून राहून त्या दोनशे गावांचे वाटते. त्या काळी एकेक प्रत म्हणजे मेंढरांच्या कातड्यांचा खर्च नि लेखकाच्या कित्येक महिन्यांची मजुरी. ज्या शब्दांनी आजाचे क्रियाकर्म झाले, नातवाचे बारसे झाले, ते शब्द एका सकाळी बिशपाची माणसे येऊन घेऊन गेली. त्या जागी जी चार पुस्तके आली त्यांत तीच गोष्ट चारदा होती आणि चारदा निराळी होती! गावकऱ्यांना काय वाटले ते कुणी लिहून ठेवले नाही. थिओदोरेताने केले ते इतिहासाच्या दृष्टीने इष्टच झाले असे मी म्हणेन. तातियान जिंकता तर मूळ चार साक्षी कायमच्या बुजाल्या असत्या. पण त्याने ते इतिहासाच्या प्रेमाने केले नाही, आणि ज्यांचे पुस्तक गेले त्यांचे गेलेच. आज तातियानाच्या मूळ ग्रंथाची एकही पूर्ण प्रत शिल्लक नाही. इफ्राईमाच्या भाष्याचा आर्मेनियन अनुवाद होता. त्याच्या सिरियाक मुळाचा मोठा भाग 1957 साली चेस्टर बीटी संग्रहाने विकत घेतला आणि लुई लेल्वार यांनी तो 1963 मध्ये छापला, तेव्हा विद्वानांना या हरवलेल्या पुस्तकाचे पुष्कळसे शब्द परत मिळाले.

एक सलग कथा हवी ही माणसाची ओढ मात्र हुकुमाने थोडीच जाते? आपल्याच भाषेतले उदाहरण आहे. विल्टशायरचा इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आला, साष्टीत राहिला, आणि 1616 मध्ये राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे जुने पुराणग्रंथ सुटले होते, त्या जागी त्यांना काहीतरी हवे होते. पुराणिकाच्या व्यासपीठावरून चार परस्परभिन्न कथा कशा सांगणार? पुराण म्हटले की एक वक्ता, एक श्रोतृसमुदाय नि एक कथा. तेव्हा सतराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला ख्रिस्तचरित्र भेटले ते सलग ओवीबद्ध रूपात. पुढे रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ही याच वाटेने गेले.

युरोपात याच सुमाराला उलटी तऱ्हा चालू होती. प्रत्येक शब्द अचूक नि प्रत्येक क्रम बिनचूक असे एकदा ठरविले, की जुळवणाराची काय गत होते हे आंद्रेआस ओसियांडर याच्या 1537 च्या ग्रंथात दिसते. त्याचा नियम असा, की एखादी घटना दोन ठिकाणी निराळ्या संदर्भात आली तर ती दोनदा घडली. त्यामुळे मंदिराची झाडाझडती एकाहून अधिक वेळा झाली, आणि याईराची बिचारी मुलगी एकाहून अधिक वेळा मेली नि एकाहून अधिक वेळा उठली! हे सोळाव्या शतकात संपले असे समजू नका. 1976 मध्ये हॅरल्ड लिंडसेल या अमेरिकन लेखकाने कोंबड्याच्या आरवण्याचा मेळ घालण्यासाठी पेत्राची नाकारणी तीनची सहा केली. चौघेही लेखक ‘तीन’ म्हणतात. त्यांना खरे ठरविण्यासाठी जो आकडा काढला तो चौघांपैकी एकानेही सांगितलेला नाही.

या कोंडीतून बाहेर येण्याचा दरवाजा ज्याने दाखविला तो पाद्री नव्हता, ग्रंथपाल होता. हाम्बुर्गचा एक शिक्षक, हेर्मान रायमारुस, 1768 मध्ये वारला. त्याने ख्रिस्ती धर्मावर जहाल टीका करणारे हस्तलिखित आयुष्यभर दडवून ठेवले होते. वोल्फेनब्युटेलचा ग्रंथपाल लेसिंग याने त्यातले उतारे, लेखकाचे नाव न सांगता, छापावयास आरंभ केला. 1777 च्या उताऱ्यात पुनरुत्थानाच्या हकिकतींतल्या दहा विसंगती मांडल्या होत्या. गहजब झाला. विसंगती नाहीतच, असे म्हणत पाद्री धावून आले. लेसिंगने 1778 मध्ये उत्तर दिले ते दोन्ही पक्षांना अनपेक्षित होते. विसंगती आहेत, पण त्यामुळे घटना खोटी ठरत नाही, असे तो म्हणाला. रोमच्या इतिहासातली एकच लढाई लिव्ही एक सांगतो नि पॉलिबियस दुसरी. म्हणून लढाई झालीच नाही असे आपण म्हणतो काय? आणि दोघांचा शब्द न् शब्द जुळावा म्हणून आपण त्यांना पिळतो काय? मग या चार बिचाऱ्यांनाच हा छळ का? त्याच वर्षी ड्यूकने लेसिंगचे तोंड बंद केले. धर्मावर लिहावयाचे नाही म्हटल्यावर त्याने नाटक लिहिले. 1779 चे ‘नाथान डर वाइझ’ ते हेच.

त्याच दशकात ग्रीसबाखने मत्तय, मार्क, लूक यांचे पाठ शेजारी-शेजारी रकान्यांत छापले, आणि यांचा एक कालानुक्रम लावता येईल असे आपल्याला वाटत नाही, हे बजावून सांगितले. जुळवणी संपली, तुलना सुरू झाली. रकाने डोळ्यांपुढे आल्यावर मार्क सर्वांत जुना नि इतर दोघांनी त्याला समोर ठेवून लिहिले, हे मत एकोणिसाव्या शतकात बळावले. आज बहुसंख्य विद्वान तेच धरून चालतात.

तरीही एक गाठ सुटलेली नाही, आणि ती सर्वांत मोठी आहे. पहिल्या तिघांच्या मते येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. म्हणजे मरण सणाच्या दिवशी. योहानाच्या मते वल्हांडणाचे भोजन अजून व्हावयाचे होते. म्हणजे मरण आदल्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी. 1957 मध्ये आनी झोबेर या फ्रेंच विदुषीने एक चतुर कल्पना मांडली. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या लेखांत 364 दिवसांचे एक निराळे सौर पंचांग आहे. येशूने त्या पंचांगाने मंगळवारी रात्रीच वल्हांडण केले असेल. मंदिराच्या अधिकृत पंचांगाने ते शुक्रवारी रात्री होते. आपल्याकडे टिळक पंचांग नि दाते पंचांग यांपायी एकाच गावात एखादा सण निरनिराळ्या दिवशी यावा, तसलेच हे. कल्पना गोड आहे. पण येशू कुमरानचे पंचांग पाळीत होता याला पुरावा नाही, आणि म्हणून आफ्रिकानसाची कबुली येथे पुन्हा उच्चारावी लागते. मला स्वतःला वाटते, की योहानाला येशू हाच कोकरू म्हणून दाखवावयाचा होता आणि त्याने त्यासाठी दिवस हलविला. किंवा दिवस त्यालाच खरा ठाऊक होता आणि इतरांना त्या भोजनात वल्हांडण पाहावयाचे होते. दोहोंपैकी कुठले, यावर माझे मत आठवड्याला बदलते.

राहता राहिला मार्काचा शेवट. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाई नि व्हॅटिकन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या प्रतींत, मार्काचे पुस्तक ज्या वाक्याला थांबते तेथे स्त्रिया भयाने कबरीपासून पळाल्या आहेत आणि त्यांनी कुणाला काही सांगितलेले नाही. पुढच्या बारा ओळी, ज्यांत येशू शिष्यांना भेटतो नि सारे इतर तिघांशी बरेचसे जुळते, त्या तेथे नाहीत. याविषयी युसेबियसाला मारिनुस नावाच्या गृहस्थाने विचारले होते. युसेबियसाने दोन उत्तरे दिली: एक तर अचूक प्रतींत त्या ओळी नाहीतच असे म्हणावे; किंवा त्या मानावयाच्या असतील तर विरामचिन्ह हलवून अर्थ जुळवावा. स्वतःच्या कोष्टकांत मात्र त्याने मार्काचा शेवटचा आकडा, 233, त्या पळणाऱ्या स्त्रियांवरच थांबविला. आणि व्हॅटिकनच्या प्रतीत, जिच्या या पानांवर तीन रकाने आहेत, तेथे मार्क दुसऱ्या रकान्यात संपतो. लूक एरवी लगेच तिसऱ्यात सुरू व्हावयाचा. लिहिणाऱ्याने तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा सोडला आहे, आणि लूक पुढच्या पानावर नेला आहे.